लेटोलीची पावलं आणि उत्पत्तीचा पहिला अध्याय

आज दिवसभर लेटोलीच्या पावलांचे फोटो डोळ्यांसमोरून हलत नाहीयेत. आपल्या आदिपूर्वजांची ही पावलं टांझानियात १९७८ मध्ये सापडली. फार पूर्वी तिथे ज्वालामुखीची राख पडली, पावसाने भिजली, त्यावरून कुणीतरी दोन पायांवर चालत गेलं आणि राख सिमेंटसारखी घट्ट झाली. टाच खोल रुतलेली, अंगठा बाकी बोटांच्या रांगेत. साधारण ३६ लाख वर्षांपूर्वीची पावलं!

"कार्बन डेटिंगवर काय भरवसा?" असं चर्चमध्ये हमखास विचारतात. पण इथे वय काढायला कार्बन वापरतच नाहीत; तो जेमतेम ५० हजार वर्षांपर्यंत चालतो. इथे राखेतला पोटॅशियम-४० हा किरणोत्सारी अणू बघतात. त्याच्या थोड्या भागाचा हळूहळू अर्गॉन वायू होतो; पोटॅशियम-४० चा अर्धायुकाल (निम्मा उरायला लागणारा काळ) सुमारे १२५ कोटी वर्षं. लाव्हा वितळलेला असताना जुना अर्गॉन निसटतो, म्हणून घड्याळ शून्यापासून सुरू होतं. राखेत आधीचा जुना स्फटिक मिसळला तर वय जास्त येतं, म्हणून एकेक स्फटिक वेगळा तपासतात.

आणि उत्पत्ती, म्हणजे बायबलचं पहिलं पुस्तक? तिथे देव सहा दिवसांत जग घडवतो, आणि सूर्य चौथ्या दिवशी येतो. मग पहिल्या तीन संध्याकाळी कसल्या, हा प्रश्न प्राचीन ख्रिस्ती धर्मपंडित ऑगस्टीनलाही पडला होता, डार्विनच्या चौदाशे वर्षं आधी. १९५० मध्ये पोप बारावे पायस यांनी शरीराच्या उत्क्रांतीवर अभ्यासाची मुभा दिली. आत्मा मात्र थेट देवाकडून, हे ठाम ठेवलं.

खरी अडचण दिवसांची नाहीच, आदामाची, म्हणजे बायबलमधल्या पहिल्या माणसाची आहे. बायबलमधल्या रोमकरांस पत्राच्या ५व्या अध्यायात प्रेषित पौल एका माणसामुळे पाप आलं आणि पापामुळे मृत्यू, असं म्हणतो. जनुकं मात्र एका जोडप्याकडे नाही, हजारोंच्या समूहाकडे बोट दाखवतात. काही जण आदामाला त्या समूहाचा प्रतिनिधी मानतात. मला हे पटतं, पण माणसाच्या आधीही जीव मरतच होते, त्या पापाआधीच्या मृत्यूचा प्रश्न त्याने सुटत नाही.