आयत्या वेळी येणारे विषय

ते पाकीट मी जवळजवळ फेकलंच होतं. पिझ्झाची कुपनं, दातांच्या डॉक्टरची जाहिरात आणि छपरावर सोलर बसवून घ्या म्हणणारी पत्रकं, त्यांच्या मधोमध एक साधं पांढरं पाकीट. सासूबाईंनी ते रद्दीतून परत उचललं. जिल्हा परिषदेत लिपिक म्हणून उभी हयात गेलेल्या बाईला सरकारी पाकीट लांबूनही कळतं.

"अगं, ही नोटीस आहे. नोटीस न वाचता टाकत नाहीत."

वाचली. पाणी आणि सांडपाण्याचे दर वाढवायचे होते, त्यावर सिटी कौन्सिलपुढे सुनावणी होती. मंगळवारी, संध्याकाळी 7 वाजता. हरकत असेल तर लेखी कळवा, खाली पत्ता.

"जायचं ना?" त्यांनी विचारलं. मी सात वर्षं या गावात राहते. कचऱ्याचे डबे कुठल्या दिवशी बाहेर काढायचे यापलीकडे नगरपालिकेशी माझा संबंध आला नव्हता. पण सासूबाईंना येऊन दोन महिने झाले होते, आणि घर, पार्क, किराणा, मंदिर यापलीकडे दाखवण्यासारखं माझ्याकडे फारसं काही उरलं नव्हतं. म्हटलं, चला.

आमचं गाव कॅलिफोर्नियाच्या मध्यभागी, बदामाच्या बागांच्या कडेला. मी गाव म्हणते, कागदोपत्री ती सिटी आहे. इथे सिटी असायला मोठं असावं लागत नाही. राज्याच्या कायद्याप्रमाणे स्थापन झालेली आणि स्वतःची कौन्सिल असलेली वस्ती असली की झालं. कॅलिफोर्नियात अशा 480 च्या वर सिट्या आहेत. लॉस एंजलिस ही त्यातलीच आणि तिला खेटून असलेली व्हर्ननही, जिथे 2020 च्या जनगणनेत 222 माणसं भरली. आमची या दोन टोकांच्या मध्ये, व्हर्ननच्या बाजूला बरीच झुकलेली.

सभागृह शाळेच्या हॉलइतकं. समोर अर्धगोल टेबलामागे पाच खुर्च्या, दोन बाजूंना दोन झेंडे. पाचांतला एकजण मेयर, पण त्याला काही कुणी वेगळं निवडून दिलेलं नाही. आपसांतच दर डिसेंबरला पाळी बदलते. सगळ्यांचे आपापले धंदे-नोकऱ्या आहेत. छोट्या शहरांत कौन्सिलच्या सभासदाच्या पगाराची मूळ मर्यादा महिन्याला 300 डॉलर होती, वर्षानुवर्षं. 2024 पासून ती मर्यादा 950 झाली. रोजचा गाडा हाकायला सिटी मॅनेजर असतो, पगारी, कौन्सिलने नेमलेला. "म्हणजे मुख्याधिकारी," सासूबाई म्हणाल्या आणि त्या माणसाकडे जरा आदराने बघायला लागल्या.

दाराशी टेबलावर विषयपत्रिकेच्या प्रती होत्या. सासूबाईंनी एक घेतली, चष्मा चढवला, पर्समधून पेन काढलं. झेंड्याकडे बघून प्रतिज्ञा झाली (आम्ही नुसत्या उभ्या राहिलो), हजेरी झाली, आणि मी त्यांना कानाशी एकेक ओळ मराठीत सांगायला लागले. तिसऱ्याच ओळीला त्यांनी मला थांबवलं.

"मिनिट्स म्हणजे मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे!"

माहेरचं माणूस भेटल्यासारखा चेहरा झाला त्यांचा. आणि खरंच, पुढचा अर्धा तास त्याच मला समजावून सांगत होत्या. हा सूचक, ही अनुमोदक, आता मत घेतील, आता 'सर्वानुमते मंजूर' म्हणतील. इंग्रजी मला येत होतं, पण सभा त्यांना येत होती.

एका शब्दावर मात्र त्या अडल्या. पत्रिकेत 'वॉरंट रजिस्टर' असा विषय होता. "एवढ्याशा गावात वॉरंटांचं रजिस्टर लागतं?" पोलिसी प्रकरण नव्हतं ते. शहराने कुणाकुणाला पैसे दिले त्याची ती यादी. पैसे देण्याच्या आदेशाला इथे जुन्या वळणाने वॉरंट म्हणतात. ही यादी कुणालाही बघता येते. फिरत्या संडासांचं भाडं, ग्रंथालयाची पुस्तकं, पंपाची दुरुस्ती, पोलिसांच्या गणवेशाची धुलाई, सगळं रकमेसकट. मी नंतर घरी बसून ती यादी वाचली आणि कबूल करते, मालिकेपेक्षा बरी होती.

इतिवृत्त आणि वॉरंट रजिस्टर हे दोन्ही 'कन्सेंट कॅलेंडर' नावाच्या गठ्ठ्यात होते. ज्या विषयांवर वाद होणार नाही असं वाटतं ते सगळे एकत्र बांधायचे आणि एकाच मताने मोकळे करायचे. त्या रात्री अकरा होते. एका रस्त्याचं काम पुरं झाल्याचं मान्य करणे. राज्याकडून रस्त्यांसाठी येणाऱ्या पैशातून यंदा कुठले रस्ते करणार त्याची यादी ठराव करून पाठवणे. 2017 च्या कायद्याने पेट्रोलवरचा कर वाढवला, त्यातला वाटा हवा तर दरवर्षी ही यादी द्यावीच लागते. पोलिसांसाठी एक गाडी. घरामागे कोंबड्या किती पाळाव्यात याच्या नियमाचं दुसरं वाचन: चाराच्या सहा झाल्या, कोंबडा मात्र चालणार नाही. वाचन म्हणजे नुसतं शीर्षक वाचलं. सूचना, अनुमोदन, पाच हात, संपलं. मिनिटभरही लागलं नाही.

सासूबाईंना हे आवडलं नाही. "वाचलं कधी यांनी?"

वाचून आले होते, किंवा यायला हवे होते. प्रत्येक विषयाची टिपणी, नकाशे, करार असं दोनशेच्या वर पानांचं बाड शहराच्या वेबसाइटवर आधीच चढलेलं असतं. कुणाला एखाद्या विषयावर बोलायचं असेल तर तो गठ्ठ्यातून बाहेर काढता येतो. कोंबड्यांवर म्हणे पहिल्या वाचनाला पाऊण तास घमासान झालं होतं. ते हुकल्याचं मला अजून वाईट वाटतं.

मग लोकांनी बोलायची वेळ आली. विषयपत्रिकेवर नसलेल्या कुठल्याही गोष्टीवर, माणशी तीन मिनिटं. समोर हिरवा, पिवळा, लाल दिवा. एकाने फटाक्यांची तक्रार केली. एका आजीने झाडाच्या मुळांनी उचकटलेल्या फुटपाथचे फोटो दाखवले. एकजण कौन्सिलवरच घसरला, नाव घेऊन. पाचही जण ऐकत होते. कुणी उत्तर दिलं नाही. मेयर प्रत्येकाला थँक यू म्हणाला आणि पुढच्याला बोलावलं.

"उत्तर का देत नाहीत? पद्धत आहे का ही?"

पद्धत नाही, कायदा आहे. ब्राउन अ‍ॅक्ट, 1953 चा. नियमित सभेची पत्रिका निदान 72 तास आधी लोकांना दिसेल अशी लावायची, आणि जे पत्रिकेवर नाही त्यावर कौन्सिलने चर्चा करायची नाही, निर्णय तर नाहीच. फार तर एखादा छोटा प्रश्न विचारावा, किंवा मॅनेजरला बघायला सांगावं. कारण सरळ आहे: ज्या विषयाची कल्पना गावाला नव्हती तो घरी बसलेल्यांच्या पाठीमागे उरकता कामा नये. पुढे पत्रिकेवर घ्या, मग बोला. नंतर उपटलेली खरोखरची निकड असेल तर दोन तृतीयांश मतांनी विषय वाढवता येतो, पण ती वाट अरुंद आहे.

हे ऐकून सासूबाईंनी हातातली पत्रिका उलटीपालटी केली. शेवटचं पान पाहिलं. मला कळलं त्या काय शोधतायत ते.

"आयत्या वेळी येणारे विषय?"

"नाहीत, आई."

"अध्यक्षांच्या परवानगीने?"

"तरीही नाहीत."

त्या थोडा वेळ गप्प बसल्या. ज्यांनी आपल्याकडच्या सभा पाहिल्यात त्यांना मी काय सांगू. आधीचे बारा विषय चहा येईपर्यंतचे. खरी सभा त्या शेवटच्या ओळीत भरते. "मग यांची कामं होतात कशी?" असं त्यांनी विचारलं, ते काही कौतुकाने नव्हे. त्यांच्या मते आयत्या वेळच्या विषयांत जेवढा घोटाळा होतो तेवढंच माणसांचं अडलेलं कामही निघतं. मी वाद घातला नाही. त्या आजीचा फुटपाथ त्याच रात्री मंजूर झाला असता तर कुणाचं काय बिघडलं असतं, हे मलाही सांगता आलं नसतं.

पुढचा विषय चौकातल्या स्टॉप साइनचा. शाळेजवळच्या चौकात चारही बाजूंना थांबा हवा म्हणून लोकांनी सह्या दिल्या होत्या. शहराचा इंजिनियर उठला आणि म्हणाला, वॉरंट बसत नाही. सासूबाईंनी माझा हात धरला. "आता कुणावर?" हे तिसऱ्याच जातीचं वॉरंट. चौथा खांब रोवायला कारण पुरेसं आहे की नाही याच्या कसोट्यांना इथे वॉरंट म्हणतात. मोठ्या रस्त्यावर दिवसातले कुठलेही 8 तास ताशी सरासरी 300 गाड्या, किंवा 12 महिन्यांत असे 5 अपघात की थांबा असता तर टळले असते, असल्या. आमच्या चौकात अपघात कमी भरले. "म्हणजे अजून आदळायला हवेत," मागून कुणीतरी म्हणालं, आणि सगळा हॉल हसला. इंजिनियरही. तो मग म्हणाला की नको तिथे स्टॉप लावले की लोक ते पाळेनासे होतात, आणि ते पोरांना जास्त धोक्याचं. हे मला पटलं. सह्या देणाऱ्यांना पटलेलं दिसलं नाही. शेवटी झेब्रा पट्टे नव्याने रंगवायचे आणि वेग मोजून परत यायचं ठरलं.

आणि मग ज्यासाठी आलो ती सुनावणी. सल्लागाराने पडद्यावर तक्ते दाखवले. पाणी इथे युनिटवर मोजतात. एक युनिट म्हणजे 100 घनफूट, 748 गॅलन. सासूबाईंनी पत्रिकेच्या मागे गुणाकार केला, साधारण 2,830 लिटर, आणि आमच्या अंगणातल्या हिरवळीबद्दल माझ्याकडे अशा काही नजरेने पाहिलं की मी पडद्याकडे बघायला लागले. या दरांमागे 1996 चं प्रपोझिशन 218 आहे, म्हणजे मतदारांनीच थेट मतदानाने पास केलेला नियम. दर वाढवायचा तर 45 दिवस आधी घराघरात नोटीस पाठवा. पाणी द्यायला जेवढा खर्च येतो त्यापेक्षा जास्त वसूल करू नका. जास्त वापरणाऱ्याला चढा दर लावायचा तर तोही खऱ्या खर्चावर बसवून दाखवावा लागतो, नुसतं 'पाणी वाचावं म्हणून' चालत नाही. सॅन वान कॅपिस्ट्रानो या शहराला 2015 मध्ये अपील कोर्टाने हेच ऐकवलं होतं.

गंमत पुढे आहे. निम्म्याहून जास्त मालमत्तांच्या लेखी हरकती आल्या तर दरवाढ जागच्या जागी पडते, कौन्सिलला मत घ्यायचीही सोय राहत नाही. एका मालमत्तेची एक हरकत. तोंडी बोललेलं मोजत नाहीत. क्लर्कने आलेली पत्रं मोजली: पन्नासही नव्हती. ज्यांनी पाकीट रद्दीत टाकलं ते सगळे दरवाढीच्या बाजूचे धरले गेले.

"मौनं संमतिलक्षणम्," सासूबाई म्हणाल्या आणि माझ्याकडे बघितलं. आम्हीही पत्र दिलं नव्हतं. दरवाढ चार विरुद्ध एक मताने मंजूर झाली. सभा संपायला पावणेदहा झाले.

गाडीत बसल्यावर त्यांनी विचारलं, "तिथे बोलायला नागरिक असावं लागतं का?"

नाही लागत. नाव सांगायचीही सक्ती नाही. दोन आठवड्यांनी आम्ही परत गेलो. तोवर त्यांनी मुद्दा कागदावर लिहून काढला होता. पार्कात फिरायच्या वाटेवर बाक आहे, पण भर उन्हात. जुलैत त्यावर बसणं म्हणजे तव्यावर बसणं. पलीकडे ओकचं झाड आहे, त्याखाली एक बाक हवा. त्यांनी मराठीत बोलायचं, मी इंग्रजीत सांगायचं. मी घाबरले होते की तीन मिनिटांत दोन भाषा कशा मावणार. पण दुभाषा घेऊन बोलणाऱ्याला निदान दुप्पट वेळ द्यावा असं कायद्यातच आहे. मेयरने सहा मिनिटं दिली. सासूबाईंनी "मा. अध्यक्ष महोदय व सन्माननीय सदस्य" अशी सुरुवात केली, तिचं इंग्रजी मी जमेल तसं केलं, आणि सगळं मिळून चार मिनिटांत आटोपलं. मेयरने थँक यू म्हटलं. उत्तर अर्थातच कुणी दिलं नाही. या वेळी त्यांना राग आला नाही. उलट परत येताना मला म्हणाल्या, पत्रिकेवर नव्हता ना विषय.

त्याच्या पुढच्या सभेची कागदपत्रं वेबसाइटवर आली तेव्हा त्यांनी मला स्वयंपाकातून उठवून लॅपटॉपपाशी बसवलं. मागील सभेचं इतिवृत्त बघायचं होतं. एक ओळ होती: एका व्यक्तीने पार्कात बाकाची विनंती केली.

"बाक नव्हे. बाक आहेच तिथे. सावलीत बाक. कायम व्हायच्या आत दुरुस्ती कळव."

"अहो आई, एवढ्याशासाठी..."

"एकदा कायम झालं की झालं मग."

मी क्लर्कला ईमेल केली. दुसऱ्या दिवशी उत्तर आलं, आभार मानून, एक शब्द वाढवून. मंगळवारी तो कागद गठ्ठ्यातल्या इतर विषयांबरोबर एका मतात मंजूर झाला, पाच विरुद्ध शून्य. सासूबाई त्या वेळी हॉलमध्ये होत्या. ऑक्टोबरात त्या परत गेल्या. रविवारी फोनवर विचारतात, पत्रिकेवर आला का. अजून तरी नाही.