पिस्टनला ताप

अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत आमचं बोअरिंग-होनिंगचं, म्हणजे इंजिनाचे झिजलेले सिलेंडर कातून-घासून नव्या मापाला आणायचं शेड आहे. वडिलांनी चालू केलेलं, आता मी बघतो. दिवसभर येतात ते ट्रॅक्टरचे ब्लॉक, छोट्या हत्तीचे हेड, उसाच्या ट्रॉल्या ओढून दमलेली इंजिनं. मे महिन्यातल्या त्या दिवशी मशीनवर चढलेला ब्लॉक मात्र या सगळ्यांत पाहुणा वाटत होता. २००१ सालच्या होंडा सिटी व्हीटेकचा, ॲल्युमिनियमचा, आत सिलेंडरला बिडाचे लायनर, म्हणजे नळ्या. गाडी माझीच. वडिलांनी जुनी घेतलेली आणि जपलेली.

ज्यांनी ती गाडी चालवलीय त्यांना फार सांगावं लागत नाही. १४९३ सीसी, १०६ अश्वशक्ती, आणि वजनाला हलकी. खालच्या आरपीएमला साधी घरगुती गाडी. आरपीएमचा काटा वर चढला की इनटेकच्या बाजूला ऑईलच्या दाबाने एक पिन सरकते, रॉकर एकमेकांत अडकतात, व्हॉल्व्ह जास्त उघडणारा मोठा कॅम कामाला लागतो आणि इंजिनाचा आवाजच बदलतो. व्हीटेक म्हणतात ते हेच. मी शाळेत असताना वडिलांनी तो आवाज मला विजापूर रोडवर पहिल्यांदा ऐकवला होता.

मोहोळच्या अलीकडे रेडिएटरचा वरचा होज फाटला. जुना होता, कधीतरी फाटणारच होता. पण तापमानाचा काटा लाल रेघेवर जाईपर्यंत माझं लक्ष गेलं नाही. त्यानंतर गाडी निळा धूर मारायला लागली, ऑईल प्यायला लागली. कंप्रेशन घेतलं तर तीन नंबरचा सिलेंडर बसलेला. हेड उतरवल्यावर त्याच बोअरमध्ये, म्हणजे सिलेंडरच्या भोकात, उभे ओरखडे दिसले, नखाला लागतील एवढे. मग ०.५० ओव्हरसाइज, म्हणजे अर्धा मिलिमीटर मोठ्या पिस्टनशिवाय इलाज नव्हता. ७५ मिलिमीटरचा बोअर साडेपंचाहत्तर करायचा.

इंजिन वस्तादांनी उतरवलं. विजापूर वेशीत त्यांचं दोन गाड्या मावतील एवढं गॅरेज आहे. वडिलांच्या वेळेपासून त्यांच्याकडचे ब्लॉक आमच्याकडे येतात. वस्ताद बांधणार असतील तर इंजिनाची मला काळजी नसते. त्यांचा हिशोब एवढाच की मी दिलेलं माप ते पुन्हा घेतात. सुरुवातीला मला राग यायचा. वडील म्हणायचे, घेऊ दे, आपलंच काम पक्कं होतं.

पिस्टनचा सेट पुण्याहून पार्सलने आला. दुपारी एकच्या सुमारास स्कूटरवर जाऊन घेऊन आलो. सोलापूरचा मे, आमचं शेड पत्र्याचं. बोअर ७५.४५ पर्यंत काढून ठेवला होता, उरलेलं होनिंगला. होनिंगचं शेवटचं माप ठरतं ते हातात आलेल्या पिस्टनवरून, म्हणून डबा फोडला आणि लगेच मोजायला बसलो. पिस्टन गोल नसतो. वर निमुळता, मध्ये किंचित लांबट. म्हणून माप स्कर्टवर, म्हणजे पिस्टनच्या खालच्या भागावर, पिस्टनच्या पिनला काटकोनात घ्यायचं. ७५ ते १०० चा मायक्रोमीटर, पंचाहत्तरच्या रॉडवर झिरो केलेला. चारही पिस्टन ७५.५१ आले. पिस्टन आणि बोअरमध्ये तीस मायक्रॉनचा, म्हणजे ०.०३ मिलिमीटरचा क्लिअरन्स धरून ब्लॉकवर खडूने ७५.५४ लिहिलं आणि होनिंगचे दगड लावायला घेतले.

ट्रॅक्टरच्या पिस्टनला शंभर मायक्रॉनच्या पुढची मोकळीक असते. तिथे पाच-दहा इकडेतिकडे झाले तरी इंजिन ओरडत नाही. रोज तेच काम करून हाताला जी सवय लागते, तीच त्या दिवशी माझ्या हाताला होती. शिवाय गाडी स्वतःची, त्यामुळे घाई.

अडीच वाजता वस्ताद आले. डोक्यावर ओला पंचा. आधी ब्लॉकवरचा खडू वाचला, मग माझ्याकडे बघितलं.

"पिस्टन किती आला?"

"७५.५१."

"साडेपंचाहत्तरच्या बोअरचा पिस्टन साडेपंचाहत्तरपेक्षा मोठा कसा येईल रे?"

मी म्हटलं, बनवणाऱ्यांनी जरा मोठा ठेवला असेल. वस्ताद काही बोलले नाहीत. डब्यातला एक पिस्टन उचलला आणि मनगटाच्या आतल्या बाजूला टेकवला, घरात लेकराच्या कपाळाला हात लावावा तसा. मग तेच मनगट ब्लॉकला लावलं. मग माझा हात धरून दोन्हींवर ठेवला.

"ताप आहे याला. आत्ता कशाला मापायलास?"

पिस्टन खरंच गरम होता. स्कूटरच्या पायाजवळ काळ्या डब्यात, उन्हात, सात रस्त्याच्या सिग्नलला थांबत थांबत आलेला. मायक्रोमीटर मात्र कपाटातून काढलेला. पिस्टनचं ॲल्युमिनियम एका अंशाला, या व्यासावर, साधारण दीड मायक्रॉन फुगतं. वीस अंशांना तीस मायक्रॉन, म्हणजे मी ठेवायला निघालेला सगळा क्लिअरन्स. लोखंड त्याच्या निम्म्याच्या आसपास फुगतं. हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. डिप्लोमाला शिकलेलो आहे, मोजमापाचं प्रमाण तापमान २० अंश हेही पाठ होतं. पण त्या दुपारी मी आकडा वाचला आणि धातूला हात लावला नाही.

वस्तादांनी चारही पिस्टन डब्यातून काढून ब्लॉकवर ओळीने मांडले. मायक्रोमीटर आणि रॉड शेजारी ठेवले. वर स्वच्छ कापड टाकलं. "रात्रभर राहू दे एकत्र. सकाळी शटर उघडल्या उघडल्या माप घेऊ." आणि ओल्या पंच्याने खडू पुसला.

त्या रात्री मला झोप आली नाही हे खरं आहे. बोअर मोठा झाला की लहान होत नाही. ७५.५४ वर होन केला असता तर पिस्टन ढिला बसला असता, सकाळी थंड इंजिनात खडखडला असता, इंजिन पुन्हा ऑईल प्यायला लागलं असतं. पुढचा मोठा पिस्टन मिळेल याची खात्री नाही, आणि त्या ब्लॉकच्या लायनरमध्ये काढायला जाडी तरी किती असते!

सकाळी सहाला वस्ताद माझ्या आधी हजर. मायक्रोमीटर हातात धरून ठेवायचा नाही, तोही हाताने तापतो, म्हणून त्यांनी तो कापडात धरला. चारही पिस्टन ७५.४८ च्या पुढे, ७५.४९ च्या आत. एकाच रात्रीत पंचवीस मायक्रॉन उतरले. २० अंश मे महिन्यात सोलापुरात आणायचे कुठून? पण पिस्टन, ब्लॉक आणि माप तिघं एकाच तापमानाला असले की चूक बरीच कमी होते. बोअर ७५.५१ च्या जरा पुढे ठरला. होनिंग करताना ब्लॉकही तापतो, म्हणून शेवटचे दोन फेर बाकी ठेवून आम्ही थांबलो. शेंगाचटणी-कडक भाकरी खाल्ली, ब्लॉक निवू दिला, पुन्हा मोजलं, मग शेवटचा हात फिरवला. साठ अंशांच्या तिरक्या रेघा बोअरभर सारख्या पडल्या होत्या. वस्ताद टॉर्च मारून बराच वेळ आत बघत राहिले.

बांधायला तीन दिवस लागले. प्रत्येक पिस्टनवर त्याच्या बोअरचा नंबर. वरच्या रिंगचा गॅप फीलर गेजने पाव मिलिमीटरवर आणला. बेअरिंगमध्ये प्लास्टीगेजची मऊ दोरी दाबून ती किती पसरते त्यावरून मोकळीक बघितली, कारण इथे ऑईलचा दाब पडला तर व्हीटेकची ती पिन सरकणारच नाही. व्हीटेकच्या सोलेनॉइडखालची जाळी काढली तर काळ्या मळीने बुजलेली. गेल्या दोन वर्षांत गाडी वर ओढत का नव्हती, ते त्या रुपयाएवढ्या जाळीत होतं. हे इंजिन टायमिंग बेल्टच्या बाजूने बघितलं तर घड्याळाच्या उलट फिरतं. हाताखालचा पोरगा चुकू नये म्हणून वस्तादांनी कव्हरवर पांढऱ्या रंगाने बाण काढून ठेवला होता. हेडचे बोल्ट मधून बाहेर, टप्प्याटप्प्याने, टॉर्क रेंचवर.

चालू करायच्या आधी प्लग काढून नुसतं स्टार्टरवर फिरवलं, ऑईलचा लाल दिवा विझेपर्यंत. मग प्लग लावले. दुसऱ्या चावीला इंजिन धरलं. वस्ताद बॉनेटवर हात ठेवून उभे राहिले, बोलले काहीच नाहीत.

पहिले हजार किलोमीटर साधं मिनरल ऑईल, एका वेगावर फार वेळ नाही, काटा वर न्यायचा नाही. ते हजार मी मोजून काढले, तुळजापूर, पंढरपूर, अक्कलकोट करत. हजार झाल्यावर गाडी विजापूर वेशीत नेली. वस्तादांनी ऑईलची काडी ओढली, पुसली, पुन्हा बुडवून ओढली. ऑईल वरच्या खुणेवर होतं, पहिल्या दिवशी होतं तिथेच. बोटावर घेऊन उन्हात चोळून बघितलं, धातूची चमक नाही. ऑईल-फिल्टर बदलून झाल्यावर हात पुसत ते स्वतःहून पुढच्या सीटवर येऊन बसले.

"चल, आता सोड."

तुळजापूर रोडला शहर मागे पडलं, पुढचा रस्ता मोकळा दिसला. तिसऱ्या गिअरला पाय दाबला. काटा चढत गेला, चढत गेला, आणि मग तो आवाज आला. वस्तादांनी खिडकीची काच खाली घेतली.