नादिया नदीम आणि पाच वर्षांची अट

डेन्मार्ककडून खेळलेल्या फुटबॉलपटू नादिया नदीमविषयी लिहिणारे बहुतेक जण तिच्या पलायनाच्या हकिकतीपाशीच थांबतात. हकिकत विलक्षण आहेच. १९८८ मध्ये हेरातला जन्मलेल्या या मुलीचे वडील अफगाण लष्करात जनरल होते. २००० साली तालिबानने त्यांना ठार केल्यावर आईने पाच मुलींसह बनावट पारपत्रांवर पाकिस्तानमार्गे इटली गाठली, आणि आपण लंडनला चाललो आहोत या समजुतीने ज्या ट्रकमध्ये त्या बसल्या, त्याने त्यांना डेन्मार्कमध्ये उतरवले. तिथल्या निर्वासित छावणीशेजारी मुली फुटबॉल खेळत असत. नादियाचा संघटित खेळ तिथून सुरू झाला.

मला मात्र तिच्या कारकिर्दीतला सर्वांत नाजूक टप्पा त्यानंतरचा वाटतो, आणि तो मैदानावरचा नाही. नागरिकत्व बदललेल्या खेळाडूला नव्या देशाच्या राष्ट्रीय संघाकडून खेळायचे, तर त्याने वयाच्या १८व्या वर्षानंतर तिथे सलग पाच वर्षे वास्तव्य केलेले असावे, असा फिफाचा, म्हणजे जागतिक फुटबॉल महासंघाचा, तेव्हाचा नियम होता. श्रीमंत देशांनी परदेशी खेळाडू आयते मिळवू नयेत, हा त्यामागचा हेतू योग्यच. परंतु लहानपणी जीव वाचवून आलेल्या आणि फुटबॉल त्याच देशात शिकलेल्या मुलीलाही तीच फूटपट्टी लावली जात होती. अक्षरशः पाहिले तर नादियाला २०११ पर्यंत थांबावे लागले असते. डॅनिश महासंघाने हरकत घेतली, फिफाच्या विधी विभागाने अपवाद मान्य केला आणि २००९ च्या अल्गार्वे चषकात अमेरिकेविरुद्ध ती डेन्मार्ककडून उतरली. ज्यांच्या पाठीशी महासंघ उभा राहिला नाही, त्यांची नावे आपल्यापर्यंत पोहोचतच नाहीत. फिफाने हा नियम २०२० साली सैल केला आणि अल्पवयात स्थलांतरित झालेल्यांचे १८ वर्षांपूर्वीचे वास्तव्यही धरले जाऊ लागले.

पुढचा प्रवास भराभर सांगता येतो: न्यू जर्सीचा स्काय ब्लू क्लब, पोर्टलंड थॉर्न्ससह २०१७ चे अमेरिकी लीगचे विजेतेपद, मँचेस्टर सिटी, आणि फ्रेंच लीगमधली ल्यों क्लबची सलग १४ विजेतेपदांची मालिका मोडणारा २०२०–२१ चा पॅरिस सेंट-जर्मेन संघ. २०१७ च्या युरो स्पर्धेत जर्मनीविरुद्धच्या उपांत्यपूर्व सामन्यात बरोबरीचा गोल तिचा होता. नेदरलँड्सविरुद्धच्या अंतिम सामन्यात सहाव्याच मिनिटाला तिने पेनल्टीवर गोल केला, तरी डेन्मार्क ४–२ असा हरला. हे सारे चालू असताना ती वैद्यकीय शिक्षणही घेत होती आणि २०२२ मध्ये डॉक्टर झाली. (आमच्या वडोदऱ्यातल्या मराठी घरांत तिची गोष्ट सांगितली, तर ऐकणाऱ्यांचे कान नेमके याच वाक्याला टवकारतात.)

पारपत्राचा प्रश्न आमच्यापासूनही दूर नाही. दांडिया बाजार, रावपुरा भागातल्या कितीतरी कुटुंबांची पुढची पिढी अमेरिकेत आणि कॅनडात वाढते आहे, आणि तिथे मुलींनी शाळेत सॉकर खेळणे अगदी सर्वसाधारण आहे. न्यू जर्सीहून सुट्टीत आलेल्या माझ्या भाचीने मागे विचारले, "मामा, मला भारताकडून खेळता येईल का?" तिच्याकडे ओसीआय कार्ड (परदेशी नागरिक असलेल्या भारतीय वंशाच्या लोकांना मिळणारे ओळखपत्र) आहे, त्यामुळे घरच्यांनी होकार गृहीतच धरला होता. पण भारताच्या संघात भारतीय पारपत्रधारकच खेळू शकतो, आणि दुहेरी नागरिकत्व आपल्याकडे नाही; म्हणजे तिला अमेरिकी नागरिकत्व सोडून भारतीय नागरिकत्व मिळवावे लागेल. नादियाला नव्या देशाचे दार उघडून हवे होते, तर हिला आजीच्या देशाचे. आणि वयाच्या चौदाव्या वर्षी एवढा मोठा निर्णय कोणी तिच्यावर लादू नये, असे मला वाटते. तिच्या आईने विषय तूर्त बाजूला ठेवला आहे. भाचीने ठेवलेला नाही; ती नियम स्वतः वाचून मला प्रश्न पाठवत असते.