आमची वाटचाल : बारव, चुना आणि पुरस्काराची फाइल

साताऱ्यात आम्ही दोघांनी फर्म काढली तेव्हा कामं ठरलेली होती. बंगल्यांचे नकाशे, नगरपालिकेची मंजुरी, फार्महाऊसभोवतीची हिरवळ. मी सिव्हिल इंजिनिअर, भागीदार लँडस्केप आर्किटेक्ट. इमारत मी बघायची आणि तिच्या बाहेरचं तिनं, अशी वाटणी होती. ती वाटणी मोडली लिंब गावच्या बारामोटेच्या विहिरीनं.

शहरापासून जवळच असलेली ही विहीर वीरूबाई भोसले यांनी शके १६४१ ते १६४६, म्हणजे १७१९ ते १७२४ या काळात बांधून घेतली. खोली सुमारे ११० फूट, व्यास ५० फूट. वर छोटा महाल, खाली उतरणाऱ्या पायऱ्या, बारा मोटांची सोय, आणि हे सगळं कशासाठी, तर आमराईच्या पाण्यासाठी. पर्यटक महालाचे आणि शिल्पांचे फोटो काढतात. भागीदारानं मला पहिल्यांदा विचारलं ते हे, की पाणी वर आल्यावर जात कुठे होतं? त्या प्रश्नानंतर इमारत आणि परिसर ही दोन खाती वेगळी ठेवणं आम्हाला जमलंच नाही. बांधणाऱ्यांनी ती कधी वेगळी धरली नव्हती.

हळूहळू जुन्या दगडी कामाकडे वळलो. वाड्यांचे चौक, देवळांची आवारं, घाटांच्या पायऱ्या, मग बारवा, म्हणजे पायऱ्या असलेल्या दगडी विहिरी. पैसा कमी आणि वेळ जास्त, त्यामुळे बंगल्यांची कामं बरीच वर्षं सोबत ठेवावी लागली. सरकारी दरसूचीत सिमेंटचे दर सहज मिळतात, चुन्याच्या कामाचा दर मात्र प्रत्येक वेळी पृथक्करण करून, म्हणजे साहित्य-मजुरीचा हिशेब सुटा मांडून, पटवून द्यावा लागतो. ग्रामपंचायतीला दोन अंदाजपत्रकं शेजारी ठेवली की चुन्याचं महाग दिसतं. तिथं आम्ही एकच गोष्ट दाखवतो. गावातल्याच एखाद्या देवळाच्या दरजा, म्हणजे दगडांमधले सांधे, सिमेंटनं भरलेल्या असतात, त्या बघायला सगळ्यांना घेऊन जातो. सिमेंट ओल बाहेर पडू देत नाही. ओल मग दगडाच्या कडेतून वाट काढते, दगडाचे पापुद्रे सुटतात आणि सिमेंटची कांडी तशीच उभी राहते. चुन्याची दरज ओल सोडते आणि झिजायचं झालं तर दगडाआधी स्वतः झिजते. ती पुन्हा भरता येते, घडीव चिरा पुन्हा कुठून आणायचा?

चुना आम्ही स्वतः भिजवतो. कळीचा चुना पाण्यात फोडून मुरत ठेवायचा, वाळू आणि सुर्खी (विटांची भुकटी) घालून मळायचा, गरजेप्रमाणे गूळ, हिरडा, बेलफळाचं पाणी. पूर्वीसारखी बैलांची घाणी आता नाही, मोटरवर चालणारी चक्की आहे. पण मिश्रण तयार झालं की नाही हे आमचे थोरले मिस्त्री थापीला लागलेल्या चुन्यावरून सांगतात, आणि त्यांचा शब्द प्रयोगशाळेच्या अहवालाइतकाच मी मानतो.

बारवेचं काम बाहेरून सोपं वाटतं. गाळ काढा, झाडं तोडा, दिवे लावा. प्रत्यक्षात सगळ्यात मोठा धोका पाणी उपसण्यातच आहे. आतलं पाणी भिंतीला आधार देत असतं. पंप लावून ते झपाट्यानं खाली नेलं, तर मागच्या मातीत साठलेलं पाणी भिंतीवर दाब टाकतं आणि उभा कोपरा आत येतो. म्हणून पातळी थोडी थोडी खाली न्यायची, मधे थांबायचं, भिंतीवरच्या खुणा तपासायच्या. तळाचं काम उन्हाळा कडक झाल्यावर, झरे सगळ्यात बारीक असताना. पिंपळ-उंबराची मुळं ओढून काढायची नाहीत. ती कापून, मारून, जागेवर वाळू द्यायची, कारण ओढलं की मुळाबरोबर दगडही येतो.

याच सुमाराला पुरस्कार हा विषय आमच्यापुढे आला. खरं सांगायचं तर आमच्या क्षेत्रातले बरेचसे पुरस्कार फोटोवर ठरतात. उद्‌घाटनाच्या दिवशीची हिरवळ, संध्याकाळचे दिवे, माणूस एकही नाही. लँडस्केपला हे विशेष अन्याय करणारं आहे. लावलेलं झाड पहिल्या दिवशी काहीच सांगत नाही. ते दुसऱ्या-तिसऱ्या उन्हाळ्यात बोलतं.

म्हणून युनेस्कोच्या आशिया-पॅसिफिक सांस्कृतिक वारसा जतन पुरस्काराचे नियम वाचले तेव्हा मनापासून आनंद झाला. २००० सालापासून चालू असलेला हा प्रादेशिक पुरस्कार. वास्तू पन्नास वर्षांपेक्षा जुनी हवी, जतनाचं काम गेल्या दहा वर्षांत पूर्ण झालेलं हवं, आणि काम संपल्यावर ती जागा निदान एक वर्ष वापरात असायला हवी. परीक्षक साहित्य आणि तंत्र बघतातच, शिवाय जागेचा जिवंतपणा जपला का, वापर योग्य आहे का, आजूबाजूच्या लोकांना त्याचा काय उपयोग झाला, हेही बघतात. मुंबईतल्या भाऊ दाजी लाड संग्रहालयाला २००५ मध्ये याच पुरस्काराचा सर्वोच्च सन्मान मिळाला. २०२२ मध्ये छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाला तोच सन्मान मिळाला आणि त्याच वर्षी भायखळा रेल्वे स्थानकाचाही गौरव झाला. स्थानक, जिथून रोज लोक धावत लोकल पकडतात! मला त्या यादीतलं हे नाव फार आवडतं.

पण आमच्या दृष्टीनं त्या वर्षीची खरी बातमी होती गोवळकोंड्याच्या पायविहिरींचाही याच पुरस्कारात गौरव झाल्याची. हैदराबादला कुतुबशाही मकबऱ्यांच्या आवारात त्या आहेत. त्यातल्या बडी बावलीची एक बाजू २०१३ च्या पावसात ढासळली होती. आगाखान ट्रस्ट फॉर कल्चरनं ती पुन्हा बांधली आणि विहिरीत साठणारं पावसाचं पाणी त्याच आवारातल्या बागेला वापरात आलं. आम्ही मिस्त्रींना घेऊन मुद्दाम बघायला गेलो. ते पायऱ्यांवर बराच वेळ सांधे चाचपत बसले होते. परत येताना गाडीत म्हणाले, ‘साहेब, हे आपल्यालाबी जमंल. फकस्त घाई नको.’

त्यानंतर आमच्या करारनाम्यात एक कलम आलं आणि ते आजही आहे. काम सोपवल्यावर पुढचे पावसाळे आम्ही जागेवर येऊन पाहणी करणार, पाण्याची पातळी नोंदवणार, निखळलेल्या दरजा भरणार. त्याची वेगळी रक्कम अंदाजपत्रकातच दाखवलेली असते. काही ग्रामपंचायतींनी हे कलम काढायला सांगितलं, तिथं आम्ही काम घेतलं नाही. छोट्या फर्मला असं नाही म्हणणं जड जातं. पगाराची तारीख कुणासाठी थांबत नाही.

माणदेशाच्या बाजूला एका गावात बारवेचं काम केलं, त्याची फाइल आम्ही पहिल्या दिवसापासून पुरस्काराच्या नमुन्यात ठेवली. एकेका दगडावर क्रमांक, आधीचे आणि नंतरचे फोटो त्याच जागेवरून, चुन्याच्या प्रत्येक खेपेची नोंद. बारवेभोवती गावाला पेव्हर ब्लॉक, स्टीलचं रेलिंग आणि कारंजं हवं होतं. सरपंचांशी यावर बऱ्याच बैठका झाल्या. भागीदारानं त्यांना पावसात उभं करून उतारावरचं पाणी कुठून येतं आणि कुठे मुरतं ते दाखवलं. ब्लॉक टाकले असते तर ते पाणी गटारात गेलं असतं. शेवटी माती उघडी राहिली, वरच्या अंगाला चर आले, कडुनिंब आणि करंज भिंतीपासून लांब लावले, बसायला जुन्याच दगडांचा कट्टा झाला. पाणी आता गुरांना आणि देवळाच्या कामाला वापरतात. दुपारी कट्ट्यावर जागा मिळत नाही.

हीच फाइल आमच्या विभागातल्या वास्तुकला आणि लँडस्केपच्या एका पुरस्काराला पाठवली. ज्युरी जागेवर आली, तीही मे महिन्यात, हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटलं. त्यांनी आमच्यापेक्षा जास्त वेळ गावातल्या बायकांशी बोलण्यात घालवला. लँडस्केप विभागात आमची निवड झाली. प्रमाणपत्रावर फर्मच्या नावाखाली थोरल्या मिस्त्रींचं आणि सगळ्या पाथरवटांचं नाव यावं, अशी विनंती आम्ही केली आणि आयोजकांनी ती लगेच मान्य केली. आगाखान वास्तुकला पुरस्कारात कारागीर, मालक, नगरपालिका यांनाही मानकरी धरण्याची पद्धत आहे. ती आपल्याकडच्या प्रत्येक विभागीय पुरस्कारानं उचलावी, असं मला कळकळीनं वाटतं. आमच्या पाथरवटांच्या मुलांपैकी एकानं ते प्रमाणपत्र बघून बापाच्या हाताखाली शिकायला सुरुवात केली आहे. हा धंदा टिकणार असेल तर तो अशा मुलांवर टिकेल, आमच्या कॉम्प्युटरवर नाही.

पुरस्कारानं पैसे आले नाहीत, चौकश्या आल्या. आता बंगल्यांची कामं जवळपास बंद केली आहेत. आशिया-पॅसिफिकसाठीची प्रवेशिका भरायला घेतली आहे, नकाशे पुन्हा काढतो आहोत, पाण्याच्या नोंदी जुळवतो आहोत. ज्या छोट्या फर्मना असं काम करायचं आहे, त्यांनी आमच्या ऑफिसात येऊन ती फाइल, दरांच्या पृथक्करणासकट, जरूर बघावी. झेरॉक्स काढून न्यायलाही हरकत नाही. फक्त दिवाळीनंतर आलात तर आम्ही साइटवर असू, तेव्हा तिकडेच या.