४-३-३ : पुढे पाच, मागे पाच

फुटबॉलमधला ४-३-३ हा आकडा सामना सुरू होतानाच्या जागांचा: चार बचावाला, तीन मधल्या फळीत, तीन आघाडीला. चेंडू घेऊन संघ समोरच्या अर्ध्यात शिरला की गोलकीपर सोडून पाच जण पुढे आणि पाच जण मागे हवेत. ही वाटणी बिघडली की एकतर चढाई अडकते, नाहीतर प्रतिहल्ल्यात गोल खावा लागतो.

मैदानाची रुंदी ६८ मीटर धरा. पेनल्टी बॉक्स (गोलसमोरची मोठी चौकट) आणि गोल एरिया (तिच्या आतली छोटी चौकट) यांच्या उभ्या रेषा मनातल्या मनात मैदानभर लांबवल्या की पाच पट्टे पडतात: कडेचे सुमारे १४ मीटरचे, त्यांच्या आतले ११ मीटरचे, मधला १८ मीटरचा. दोन्ही कडांना विंगर, आतल्या पट्ट्यांत दोन ‘आठ नंबर’ (मधल्या फळीतले पुढे चढणारे दोघे), मध्ये स्ट्रायकर. चौघांच्या बचावफळीला पाच जण एकास एक धरता येत नाहीत. सगळा डाव यावरच उभा आहे.

विंगरकडे पास गेला की समोरच्या फुलबॅकची, म्हणजे कडेच्या बचावपटूची, कोंडी होते. तो बाहेर धावला तर त्याच्या आणि सेंटर बॅकच्या (मधल्या बचावपटूच्या) मध्ये फट पडते, आणि आठ नंबरने तिथेच घुसायचं. तो जागेवर राहिला तर विंगरला गोलकडे तोंड करून वळायला वेळ मिळतो. आठ नंबरने फुलबॅकचं पाऊल बाहेर पडेपर्यंत थांबायचं. आधी निघाला तर सेंटर बॅक त्याला गाठतो किंवा तो ऑफसाइड सापडतो.

इथे सर्वात जास्त घात करतो तो अधीर विंगर. चार-पाच मिनिटं पास आला नाही की तो आत सरकतो आणि आपल्यावर पाळत ठेवणारा बचावपटू नेमका आठ नंबरच्या जागेत घेऊन येतो. टचलाइनला (मैदानाच्या कडेच्या रेषेला) चिकटून नुसतं उभं राहणं हेही काम आहे, हे त्याला पटवावं लागतं.

विंगरला आत आणायचंच असेल तर कड फुलबॅकने घ्यायची. २०१८-१९ च्या लिव्हरपूलमध्ये सालाह आणि माने आत येत, अलेक्झांडर-आर्नोल्ड आणि रॉबर्टसन कडेने चढत. लीगमध्ये या दोघा फुलबॅकचे अनुक्रमे १२ आणि ११ असिस्ट (गोलआधीचे शेवटचे पास) झाले. पण त्यासाठी मधल्या फळीतले तिघे बहुतेक वेळ मागे थांबत. जो चढतो त्याच्या बदल्यात कुणीतरी थांबतो, हा हिशोब चुकवायचा नाही. २०२२-२३ मध्ये मँचेस्टर सिटीने तोच हिशोब वेगळ्या रीतीने मांडला: स्टोन्स बचावफळीतून पुढे येऊन रोद्रीशेजारी उभा राहायचा, मागे तिघे उरायचे.

मागच्या पाचांत ‘सहा नंबर’ची, म्हणजे मधल्या फळीत मागे थांबणाऱ्याची, जागा मला सर्वात मोलाची वाटते. चेंडू ज्या बाजूला असेल तिकडे ओढला न जाता त्याने मध्यभाग धरायचा, कारण आपल्याकडून चेंडू सुटला की समोरच्या संघाचा पहिला पास तिथूनच जातो. त्याच्या मागे दोन्ही सेंटर बॅक मध्यरेषेपर्यंत वर आलेले हवेत. ते घाबरून खोल राहिले तर मधल्या मोकळ्या जागेत समोरचा प्लेमेकर (डाव रचणारा खेळाडू) आरामात वळतो, आणि दोष मात्र सहा नंबरला दिला जातो.

गोलरेषेजवळ पोहोचल्यावर उंच क्रॉसपेक्षा मागे खेचलेला सपाट पास बरा. स्ट्रायकरने जवळच्या खांबाकडे धावून सेंटर बॅकना ओढायचं, लांबच्या विंगरने दूरच्या खांबावर यायचं आणि पलीकडच्या आठ नंबरने पेनल्टी स्पॉटपाशी वेग कमी करायचा. तिघेही गोलच्या तोंडाशी धावले तर पास रिकाम्या जागेतून निघून जातो.

सरावात अर्ध्या मैदानावर शंकू लावून हे पट्टे आखा आणि दहा जणांना आठ बचावपटूंविरुद्ध खेळवा. एका पट्ट्यात आघाडीचे दोघे एकाच रेषेत आले की शिट्टी. बचावपटूंनी चेंडू हिसकावून दहा सेकंदांत मध्यरेषा ओलांडली तर त्यांना गोल द्या; मागचे पाच कुठे चुकतात ते लगेच दिसतं.