चहा कुणाला पाजायचा?

दंगल टाळायची तर दोन्ही धर्मांच्या माणसांत आधीपासून संवाद हवा, असं मी सांगत असते. त्यावर तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते. कधी भाचा विचारतो, कधी शाळेतली जुनी सहकारी, तर कधी एखाद्या कार्यक्रमात मागच्या रांगेतून हात वर येतो. शब्द थोडे बदलतात, प्रश्न तोच असतो : "बाई, ते तलवारी घेऊन येणार आणि तुम्ही त्यांना चहा पाजणार का?"

नाही पाजणार. हातात तलवार घेऊन निघालेला माणूस चहाला थांबत नाही, हे कळायला फार अक्कल लागत नाही. १ जुलै १९४६ ला अहमदाबादेत रथयात्रेच्या दिवशी दंगल पेटली, तेव्हा वसंतराव हेगिष्टे आणि रजब अली लाखाणी हे दोन मित्र जमावाला अडवायला गेले. हेगिष्टे मराठी घरातले. दोघेही त्या दिवशी मारले गेले. गुजरातेत आजही 'वसंत-रजब' अशी एका दमात नावं घेतात. तेव्हा अहिंसेच्या वाटेने गेलं की जीव वाचतो असं मी कुणालाही सांगत नाही. सांगितलं तर ते खोटं ठरेल.

पण प्रश्न विचारणारे तलवार उपसल्यानंतरच्या पाच मिनिटांबद्दल विचारतात आणि मला बोलायचं असतं त्याआधीच्या पाच वर्षांबद्दल. म्हणून मी त्यांना भिवंडीत नेते.

भिवंडी म्हणजे यंत्रमागांचं गाव. उत्तर प्रदेशातून आलेले अन्सारी, तेलंगणातले पद्मशाली, इथले आगरी, कोकणी मुसलमान, मारवाडी व्यापारी, सगळे त्या खडखडाटावर जगणारे. ७ मे १९७० ला शिवजयंतीच्या मिरवणुकीतून दंगल झाली आणि तिचे पडसाद जळगाव, महाडपर्यंत उमटले. न्यायमूर्ती मादन यांच्या आयोगाने चौकशी केली आणि पोलिसांच्या पक्षपातावर स्पष्ट बोट ठेवलं. पुढे मे १९८४ मध्ये पुन्हा तेच, बहुधा जास्तच भयंकर. 'भिवंडी' म्हटलं की लोक 'दंगल' म्हणायचे.

आणि तरीही डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मध्ये, जेव्हा मुंबईतल्या दंगलींत, त्यांची चौकशी करणाऱ्या श्रीकृष्ण आयोगाच्या मोजणीनुसार, ९०० माणसं मेली, तेव्हा भिवंडी शांत राहिली. दोन्ही फेऱ्यांत. सरकार तेच, पोलीस दल त्याच राज्याचं, बंदुका त्याच. बळ कमी-जास्त होतं म्हणून एक शहर जळलं आणि दुसरं वाचलं, असं म्हणायला काही जागाच उरत नाही.

मग फरक कशात होता? १९८८ मध्ये सुरेश खोपडे तिथे पोलीस उपायुक्त म्हणून आले होते. त्याआधी असायची ती 'शांतता समिती'. तुम्ही पाहिली असेल : सण जवळ आला की पोलीस ठाण्यात बैठक, पांढरे कपडे, तीच ती मंडळी, चहा-बिस्किटं, फोटो. त्यातल्या काहींनी आदल्या आठवड्यात काय भाषण केलं होतं ते सगळ्यांना ठाऊक असायचं. खोपड्यांनी हा पुढाऱ्यांचा गोतावळा बाजूला ठेवला आणि मोहल्ल्या-मोहल्ल्यात समित्या केल्या. दोन्ही धर्मांची साधी माणसं : माग चालवणारा, रिक्षावाला, किराणा दुकानदार. सोबत त्या भागाचे पोलीस. बैठक सणापुरती नाही, नेमाने.

त्या बैठकांत राष्ट्रीय एकात्मतेवर कुणी बोलत नसे. बोलणं व्हायचं नळाचं, तुंबलेल्या गटाराचं, उधारीचं, दारू पिऊन बायकोला मारणाऱ्याचं. भांडण छोटं असतानाच तिथल्या तिथे मिटायचं, त्याला धर्माचा रंग चढायला वेळ मिळायचा नाही. मला यातलं सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते हवालदाराचं. एरवी वस्तीत तो समन्स घेऊन किंवा काठी घेऊन येतो. इथे तो दर वेळी येऊन बसायला लागला, नावं ओळखायला लागला. एखादी रात्र वाईट निघालीच, तर कुणाच्या गच्चीवर बाटल्या जमल्यात आणि कोण नुसताच बघत उभा आहे, हे त्याला कळत होतं. ज्याला माणसं ओळखू येत नाहीत तो पोलीस घाबरतो, आणि घाबरलेला पोलीस वस्तीवर सरसकट बंदूक रोखतो. संवाद की बळ, असा प्रश्न विचारणाऱ्यांनी एवढं ध्यानात घ्यावं की भिवंडीतला संवाद वर्दीतल्या माणसाने सुरू केला होता.

अफवेचंही तसंच. 'त्यांच्या आळीत आपल्या पोरीला उचललं' असं कानावर आलं की आधी विचारायचं कुणाला? त्या आळीत नावानिशी ओळखीचा, रात्री दोनला उठवता येईल असा माणूस असला तर खरं-खोटं करायला पाच मिनिटं पुरतात. नसला तर गर्दी जमते. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुलं पळवणारे समजून नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना ठेचून मारलं. मंगळवेढ्याकडून पोटासाठी आलेली माणसं. त्यांना ओळखणारं तिथे कुणी नव्हतं.

राज्यशास्त्राचे अभ्यासक आशुतोष वार्ष्णेय यांनी कालिकत आणि अलीगढ अशा शहरांच्या जोड्या घेऊन हेच तपासलं आहे. त्यांचं म्हणणं थोडं कडू आहे : शेजारी म्हणून सणाला ताटं पाठवणं चांगलं, पण मोठ्या शहरात ते पुरत नाही. जिथे व्यापारी संघटना, कामगार संघटना, क्लब, पक्ष यांत दोन्ही समाज एकत्र गुंतलेले असतात, तिथे दंगल घडवणं अवघड जातं. शिरखुर्मा आणि पुरणपोळीच्या फोटोंवर माझा फारसा जीव नाही तो यामुळेच.

आता तुमच्यातला वकील विचारेल : मग २००६ चं काय? बरोबर आहे. जुलै २००६ मध्ये भिवंडीतच, कब्रस्तानालगत पोलीस ठाणं बांधण्याच्या वादातून जमाव उसळला, पोलिसांच्या गोळीबारात दोघे गेले आणि जमावाने दोन पोलिसांना ठार मारलं. माझ्या मते तोवर समित्या बऱ्याचशा कागदावर उरल्या होत्या. खोपडे कधीचे बदलून गेले होते, आणि जे एका अधिकाऱ्याच्या हौसेवर चालतं ते त्याच्या बदलीबरोबर ढिलं पडतं. यातून कुणाला 'संवाद फुकट' असा निष्कर्ष काढायचा असेल तर काढावा. लस न घेतलेल्या वर्षी गोवर आला म्हणून लस कुचकामी ठरत नाही.

आणि हो, मी सगळ्यांशी बोलत नाही. जो ठरवून, माईक लावून, मतांसाठी किंवा पैशासाठी विष ओकतो, त्याच्याशी चर्चासत्र करायला मी जाणार नाही. त्याच्यासाठी कायदा आहे. एप्रिल २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सगळ्या राज्यांना बजावलं की द्वेषपूर्ण भाषणावर तक्रारीची वाट न बघता पोलिसांनी स्वतःहून गुन्हा नोंदवावा, आणि बोलणाऱ्याचा धर्म बघू नये. हेही बळच आहे आणि ते मला हवं आहे, वेळेवर आणि दोन्हीकडे सारखं. अहिंसा म्हणजे पोलिसांना सुट्टी, असं ज्यांना वाटतं त्यांच्याशी माझं जमत नाही.

मी बोलते ते माईकसमोर बसलेल्या पोरांशी. अठरा-वीस वर्षांची, अर्धवट नोकरी, हातात फोन. त्यांना मी 'असं बोलू नये' म्हणत नाही. शिक्षकी पेशात चाळीस मुलांसमोर उभं राहिल्यावर कळतं की त्या वाक्याने कुणीही काही बंद केलेलं नाही. व्हिडिओ दाखवला की मी विचारते, हा कुठला, कधीचा, पाठवला कुणी? चारातला एक गप्प होतो, एक चिडतो, दोघांना क्रिकेटला जायचं असतं. जाऊ देते. मुंबईत दंगलीनंतर मोहल्ला समित्यांनी पोलीस आणि वस्तीतल्या पोरांचे क्रिकेटचे सामने लावले होते, ते उगाच नाही.

सध्या आमच्या पोलीस ठाण्यात नवे साहेब आलेत. परवा समितीसाठी नावं मागितली, 'भागातले प्रतिष्ठित दहा जण द्या' म्हणाले. मी दिलेल्या यादीत मंडळाचा ढोलपथकवाला आहे, चिकन सेंटरवाला आहे, रिक्षा स्टँडवरचे दोघे आहेत, पाळणाघर चालवणारी एक बाई आहे आणि व्हॉट्सॲप ग्रुपचे तीन ॲडमिन आहेत. साहेबांनी कागद दोनदा वाचला आणि विचारलं, "यात नगरसेवक कुठे आहेत?" उद्या पुन्हा जायचंय, तीच यादी घेऊन.