नागासाकीहून काय आणावे, कुठून आणि कसे

नागासाकीची खाऊखरेदी स्टेशनवर अर्ध्या तासात उरकता येते. बहुतेक प्रवासी तेच करतात. पण या बंदरात कोणाची जहाजे आली, त्यांनी काय उतरवले आणि गावाने त्याचे काय केले, हे ज्या क्रमाने घडले त्या क्रमाने शहर पाहिले, तर कुठला पदार्थ का घ्यायचा ते चालता चालता कळते. खरेदीचा क्रम मात्र टिकाऊपणावर ठरवावा. जे महिनोन्‌महिने टिकते ते आधी घ्यावे, जे आठवड्यात संपवावे लागते ते अगदी निघताना.

फुकुओकाच्या हाकाता स्टेशनवरून नागासाकी साधारण दीड तासावर आहे. 2022 च्या सप्टेंबरात सुरू झालेली बुलेट ट्रेन हाकातापर्यंत येत नाही, ती ताकेओ ओन्सेन ते नागासाकी एवढीच धावते. म्हणून हाकाताहून ‘रिले कामोमे’ ही साधी एक्स्प्रेस गाडी घ्यायची आणि ताकेओ ओन्सेनला त्याच फलाटावर समोर उभ्या असलेल्या ‘कामोमे’ या बुलेट ट्रेनमध्ये बसायचे. तिकीट एकच लागते, बदलायला वेळ थोडा पण पुरेसा मिळतो. जड सामान नागासाकी स्टेशनच्या लॉकरमध्ये टाकावे, कारण शहर ट्रामने फिरायचे आहे आणि ट्राममध्ये मोठी बॅग उभी करायला जागा नसते. ट्रामचे भाडे कितीही अंतराला एकच असते आणि ते उतरताना द्यायचे. दिवसभराचा पास गाडीत मिळेलच असे धरून चालू नये, तो स्टेशनजवळच्या पर्यटक माहिती केंद्रातून किंवा हॉटेलातून आधीच घ्यावा.

पहिला थांबा देजिमा. स्टेशनवरून 1 क्रमांकाची ट्राम सोफुकुजीच्या दिशेने घ्यावी. पोर्तुगीज जहाजांसाठी हे बंदर 1571 मध्ये खुले झाले. गोव्याहून निघालेले जहाज मकाओ करत इथे येई. पुढे शोगुनच्या, म्हणजे जपानच्या लष्करी सत्ताधीशाच्या, राजवटीने परक्यांना एका जागी डांबायचे ठरवले आणि 1636 मध्ये समुद्रात भर घालून पंख्याच्या आकाराचे हे बेट तयार झाले. पोर्तुगीजांना 1639 मध्ये हाकलले, 1641 मध्ये डच व्यापाऱ्यांना हिरादोहून इथे हलवले, आणि त्यानंतर दोनशेहून अधिक वर्षे युरोपशी होणारा जपानचा व्यापार याच बेटावरून चालला. आता आजूबाजूला भराव घातल्याने ते बेट राहिलेले नाही, पण गोदामे आणि घरे पुन्हा बांधली आहेत. खाऊच्या दृष्टीने इथे लक्षात ठेवायची गोष्ट एकच, ती म्हणजे साखर. डच जहाजांच्या तळाशी जावाची साखर भरलेली असे, तिच्या वजनाने जहाज स्थिरही राहायचे. चिनी जहाजेही साखर आणत. इथून ती कोकुरापर्यंतच्या नागासाकी काइदो या रस्त्याने देशात पसरली. त्या रस्त्यावर 25 मुक्काम होते आणि जवळपास प्रत्येक मोठ्या मुक्कामाची आपली मिठाई आहे. 2020 मध्ये या ‘साखर मार्गा’ला जपान सरकारने राष्ट्रीय वारशाच्या यादीत घेतले.

तिथून 1 क्रमांकाच्याच ट्रामने शिआनबाशीला उतरावे. जवळच फुनादाइकुमाची या गल्लीत फुकुसायाचे मुख्य दुकान आहे. 1624 पासूनचे हे घराणे, वटवाघळाचे चिन्ह असलेले. इथला पदार्थ कासुतेरा, म्हणजे पोर्तुगीजांकडून शिकलेला, अंड्याचा ओलसर केक. त्यात अंडी, साखर, मैदा आणि मिझुआमे हा घट्ट गोड पाक, एवढेच असते. लोणी नाही, दूध नाही, बेकिंग पावडर नाही. फुगतो तो फक्त फेटलेल्या अंड्यावर. म्हणून दूध न चालणाऱ्यांना तो चालतो आणि अंडे न खाणाऱ्यांना मुळीच नाही. ‘बिनअंड्याचा’ कासुतेरा शोधत फिरण्यात वेळ घालवू नये, अंडे काढले तर उरतच काही नाही.

चांगला कासुतेरा ओळखायचा तो तळावरून. खालचा कागद सोलला की साखरेचे जाड खडे दिसले पाहिजेत. याला झारामे म्हणतात. पिठात न विरघळलेले खडे खाली बसतात आणि दाताखाली कुरकुरतात. कापलेल्या बाजूला जाळी बारीक आणि सगळीकडे सारखी हवी. ती तशी येते भट्टीत केलेल्या कामामुळे. लाकडी चौकटीत पीठ ओतून भट्टीत सरकवल्यावर पहिल्या काही मिनिटांत कारागीर ते बाहेर ओढून पुन्हा पुन्हा ढवळतो. मोठे बुडबुडे फुटतात, कडेची आणि मधली उष्णता सारखी होते. हे नीट झाले नाही तर मध्ये बोगदे पडतात किंवा वरची साल सुटी होते.

आकार ‘गो’मध्ये सांगतात. 1 गो म्हणजे जुन्या मापाने सुमारे 600 ग्रॅमची वडी. तिचे दहाएक काप होतात. दोघा-तिघांच्या घरी द्यायला त्याहून लहान वडी घ्यावी, आणि ऑफिसात वाटायला एकेक-दोनदोन कापांची सुटी पाकिटे. आधीच कापलेली वडी सोयीची असते, पण अखंड वडी जास्त दिवस ओलसर राहते. प्रवास लांबचा असेल तर आम्ही अखंडच सुचवू. लेबलवर ‘गोसानयाकी’ दिसले तर त्यात पांढऱ्यापेक्षा बलक जास्त असतो. चव दाट, रंग गडद पिवळा, किंमत चढी. पहिल्यांदा खाणाऱ्याने साधा घ्यावा आणि तुलनेसाठी गोसानयाकीचे लहान पाकीट.

दुसरे जुने नाव शोओकेन, 1681 पासूनचे. त्यांचे मुख्य दुकान उओनोमाचीत आहे, मेगानेबाशी या 1634 च्या दगडी पुलापासून चालत जाण्याइतके जवळ. त्यांचा चॉकलेट कासुतेरा मेइजी काळापासूनचा (1868 ते 1912) आहे आणि चॉकलेटचा वास अंड्यावर कुरघोडी करत नाही. वरच्या मजल्यावर बसून एक काप खाता येतो. खरेदीआधी चव घ्यायला याहून चांगली जागा नाही. तिसरे नाव बुनमेईदो, 1900 मध्ये नागासाकीतच सुरू झालेले. इथे एक सावधगिरी हवी. तोक्योत ‘बुनमेईदो’ नावाने जे मिळते ते वेगळ्या कंपनीचे असते. नागासाकीचाच हवा असेल तर तोक्यो विमानतळावर घेऊ म्हणून सोडून देऊ नये.

फेब्रुवारीत किंवा मार्चच्या पहिल्या दिवसांत गेलात तर दुकानांत पीचच्या आकाराचे मोमो कासुतेरा दिसतील. 3 मार्चच्या मुलींच्या सणाची ही नागासाकीची खास भेट. आकार चिनी समजुतीतल्या दीर्घायुष्याच्या फळाचा, आत पोर्तुगीज केक, वर साखरेचा गुलाबी लेप. दिसायला देखणी, पण फार गोड आणि नाजूक. लेप दाबाने तडकतो, त्यामुळे ती हातातल्या पिशवीतूनच न्यावी.

आता कोम्पेइतो, म्हणजे साखरेच्या काटेरी दाण्यांची मिठाई. मराठी माणसाने हा दाणा हातात घेतला की त्याला संक्रांत आठवणार, कारण कृती आपल्या काटेरी हलव्याचीच आहे. तापलेल्या भांड्यात बारीक दाणे सतत हलते ठेवायचे, वरून पाक थोडा थोडा घालायचा, प्रत्येक थर सुकू द्यायचा, मग काटे उठतात. पाक घाईने घातला तर दाणे एकमेकांना चिकटून गोळे होतात. परातीऐवजी तिथे तिरके फिरणारे मोठे भांडे असते आणि एक घाणा पुरा व्हायला साधारण दोन आठवडे लागतात. 1688 च्या एका जपानी कथासंग्रहात नागासाकीतला कोम्पेइतो तिळाभोवती करत असल्याचा उल्लेख आहे. आज आत बहुधा तांदळाची कणी किंवा साखरेचा खडा असतो. हा पदार्थही पोर्तुगीजांबरोबर आला. गोव्यात शिकलेला जेझुइट धर्मगुरू लुईस फ्रोइश याने 1569 मध्ये ओदा नोबुनागा या बलाढ्य सरदाराला काचेच्या बरणीतून कोम्पेइतो भेट दिला होता. फ्रोइश वारला नागासाकीतच, 1597 मध्ये. आज या मिठाईचे सर्वांत नावाजलेले घर क्योतोत आहे, तरी नागासाकीच्या दुकानांत लहान बरण्या सहज मिळतात. शुद्ध साखर, अंडे नाही, दूध नाही, महिनोन्‌महिने टिकते. शाकाहारी घरांसाठी आमची पहिली पसंती हीच. ओल लागली की मात्र काटे विरघळून दाणे चिकटतात, म्हणून पावसाळ्यात मुंबई-कोकणात उघडलेली बरणी घट्ट झाकणाचीच हवी.

शिआनबाशीहून शिनचीची चिनी वस्ती चालत गाठता येते. तिथे योरियोरी घ्यावे. पिठाचा दोर पिळून तळलेला हा पदार्थ कडक आहे, ज्यांचे दात हलतात त्यांना देऊ नये. टिकतो छान, वजनाला हलका, डब्यात मोडत नाही. तळण कशाचे ते पाहावे. लेबलवर ‘राडो’ असे असेल तर ती डुकराची चरबी. त्याच रस्त्यावर काकुनी मांजू विकतात, वाफवलेल्या पावात डुकराच्या मांसाची जाड फोड. खाणाऱ्यांनी ते उभ्या उभ्या गरम खावे, भारतात आणण्याचा विचार करू नये. परवान्याशिवाय मांसाचे पदार्थ आणता येत नाहीत. चांपोन नूडल्सच्या पाकिटांतली मसाल्याची पुडीही बहुधा डुक्कर किंवा कोंबडीच्या अर्काची असते. कारासुमी, म्हणजे खारवून सुकवलेली बोय माशाची अंडी, हा नागासाकीचा मानाचा आणि महाग पदार्थ आहे. तोही तिथेच चाखलेला बरा.

इक्कोको नावाचे गोल बिस्कीट अनेकजण हलके लागते म्हणून परत ठेवतात. ते पोकळच असते. आत काळ्या साखरेचा गोळा ठेवून भाजतात, साखर वितळून आतल्या भिंतीला चिकटते आणि मध्ये पोकळी राहते. चव खमंग, थोडी गुळासारखी. दाबले की फुटते, म्हणून कपड्यांच्या मध्ये न ठेवता टणक डब्यात न्यावे.

बिवा हे लहान पिवळे फळ नागासाकीच्या मोगी भागात खूप पिकते, हंगाम मे-जूनचा. ताजे फळ तिथेच खावे, झाडपाल्याच्या तपासणीच्या नियमांमुळे ते आणता येत नाही. बिवाची जेली आणता येते, पण ‘झेराचिन’ असेल तर ती प्राणिज, ‘कानतेन’ असेल तर समुद्रशैवालाची. जपानमध्ये अंडे, दूध, गहू, शेंगदाणे हे घटक लेबलवर कळवणे सक्तीचे आहे, जिलेटीन आणि डुकराचे मांस त्या सक्तीच्या यादीत नाहीत. त्यामुळे ॲलर्जीची चौकट पाहून समाधान न मानता घटकांची पूर्ण यादी फोनच्या कॅमेऱ्याने भाषांतर करून वाचावी. जेलीची पाकिटे मोठ्या सामानात टाकावीत, हातातल्या बॅगेत ती द्रव पदार्थांत धरली जातात.

परतताना सागा स्टेशन लागते, ‘रिले कामोमे’ तिथे थांबते. तासभर मिळाला तर उतरावे, कारण साखर मार्गावरच्या दोन उत्तम गोष्टी तिथे मिळतात. मारुबोलो हे अंड्याचे मऊ गोल बिस्कीट, तेही पोर्तुगीज वळणाचे. आणि ओगी योकान, म्हणजे घेवड्यासारख्या कडधान्याचा गर, साखर आणि कानतेन यांची वडी. जुन्या पद्धतीची, लाकडी पेटीत ओतून कापलेली मागावी. तिच्या कापलेल्या बाजूंवर साखर स्फटिकासारखी जमते, वरून कुरकुरीत आणि आत मऊ. प्लास्टिकच्या नळीत भरलेल्या प्रकारात ही साल येत नाही. अंडे-दूध काही नाही, त्यामुळे शाकाहारी लोकांना केकऐवजी द्यायला हीच योग्य.

हिरादोचा कासुदोसु मोहात पाडेल: कासुतेराचे तुकडे बलकात बुडवून उकळत्या पाकात तरंगवायचे आणि साखरेत घोळवायचे. करणारे घराणे 1502 पासूनचे. पण हिरादोला जाऊन येण्यात पूर्ण दिवस जातो, फक्त या मिठाईसाठी तेवढा वेळ देऊ नये.

शेवटचा तास नागासाकी स्टेशनमधल्या ‘कामोमे इचिबा’ या बाजारासाठी राखावा. जुन्या घराण्यांचे कासुतेरा तिथे एकाच छताखाली मिळतात. प्रत्येक डब्यावरची तारीख पाहून घ्यावी. दुकानागणिक मुदत साधारण एक ते दोन आठवड्यांची असते. वडी डब्यातच आडवी ठेवावी, उभी केली तर झारामेचा थर एका बाजूला दबतो.

घरी आल्यावर कागद हळू, एका कोपऱ्यातून सोलावा, ओढला तर खडे कागदाबरोबर जातात. सुरी गरम पाण्यात बुडवून पुसावी, एक काप घेतला की पुन्हा पुसावी. दाबून कापले तर जाळी बसते. उघडलेली वडी मुंबईच्या हवेत दोन-तीन दिवसांवर ठेवू नये, बुरशी धरते. उरलेले काप एकेक करून प्लास्टिकमध्ये घट्ट गुंडाळून फ्रीजरमध्ये टाकावेत. साखर भरपूर असल्याने ते दगड होत नाहीत. खायच्या आधी अर्धा-पाऊण तास बाहेर काढावेत, आणि गुंडाळी काढायची ती काप पूर्ण सुटल्यावरच. आधी उघडले तर हवेतली ओल वर जमून काप चिकट होतो.